व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सभासद : महात्मा जोतीराव फुले

इ. स. १८८२ च्या ऑक्टोबर महिन्यात हंटर शिक्षण आयोगापुढे पुण्याच्या एका नागरिकाने आपले निवेदन सादर केले. निवेदनाखाली स्वाक्षरी करताना स्वतःची ओळख कशी द्यावी हा त्याचा अधिकार होता. मुलींच्या शाळांचा संस्थापक, ग्रंथकार, सत्यशोधक समाजाचा प्रवर्तक असे काहीही त्याला लिहिता आले असते आणि ते खरेच ठरले असते. परंतु त्याने आपल्या नावापुढे व्यापारी, शेतकरी व म्युनिसिपल कमिशनर एवढेच लिहिले आणि पत्ता दिला पेठ जुना गंज, पुणे. तो नागरिक म्हणजे जोतीराव गोविंदराव फुले.

आपल्या शाळांमधून ११ एप्रिल आणि २८ नोव्हेंबर या दोन दिवशी जोतीरावांचे स्मरण होते. विद्यार्थी भाषणे करतात, भिडेवाड्यातील शाळेचा उल्लेख होतो, सावित्रीमाईंच्या अंगावर पडलेल्या शेणामातीची आठवण निघते. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु ज्या तीन शब्दांत जोतीरावांनी स्वतःची ओळख दिली, त्या शब्दांकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हा माणूस पोट कसे भरत होता, शाळांना लागणारा पैसा कोठून आणत होता, आणि नगरपालिकेच्या सभागृहात बसून नेमके काय करत होता, हे आपल्या मुलांना सांगितले जात नाही. प्रस्तुत लेखाचा विषय जोतीरावांच्या चरित्राची ही बाजू आहे.

कटगुणहून पुण्याकडे

फुले घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्यातले कटगुण. घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. जोतीरावांचे पणजोबा कटगुणचे चौगुले होते. चौगुला म्हणजे पाटलाचा मदतनीस, गावगाड्यातला एक छोटा वतनदार. गावच्या कुलकर्ण्याशी त्यांचे हाडवैर आले, त्या वैरातून रक्तपात घडला आणि घराण्याला गाव सोडावे लागले. पुरंदर तालुक्यातील खानवडी येथे हे कुटुंब आले. पुढे जोतीरावांचे आजोबा शेटिबा पुण्यास आले. त्यांच्या मुलांनी माळीकाम शिकून पेशव्यांच्या वाड्यात फुले, हार आणि गजरे पुरविण्याचे काम मिळविले. त्या कामाबद्दल त्यांना ३५ एकर जमीन इनाम मिळाली. फुलांच्या धंद्यावरून लोक त्यांना फुले म्हणू लागले आणि तेच आडनाव रूढ झाले. महाराष्ट्रात आज सर्वाधिक आदराने घेतल्या जाणाऱ्या आडनावांपैकी एक आडनाव असे धंद्यातून आले, ही गोष्ट मुलांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे.

जोतीरावांचा जन्म १८२७ चा. ते वर्षाचेही नव्हते तोच आई चिमणाबाई वारल्या. त्यांचे संगोपन सगुणाबाई क्षीरसागर यांनी केले. वडील गोविंदराव यांचे भाजीपाल्याचे दुकान होते. मुलगा प्राथमिक मराठी शिकला, पण शूद्राच्या मुलाने अधिक शिकून करायचे काय, असे दुकानातल्या कारकुनाने गोविंदरावांच्या मनात भरविले. परिणामी मुलाची शाळा सुटली आणि त्याच्या हाती कुदळ-फावडे आले. शेजारी राहणारे मुन्शी गफ्फार बेग आणि ख्रिस्ती गृहस्थ लिजिटसाहेब यांनी गोविंदरावांचे मन वळविल्यामुळे १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले आणि १८४७ पर्यंत तेथे शिकले. म्हणजे भाजीचे दुकान, मळ्यातले काम आणि मिशनची शाळा या तिन्ही ठिकाणी त्यांचे शिक्षण झाले. माळव्याची गाडी शहरात कशी येते, काटा कसा मारला जातो, दलाल भाव कसा पाडतो, हे त्यांनी पुस्तकात वाचण्याआधी घरातच पाहिलेले होते.

स्वतःच्या पायावर उभे राहण्याचा निर्धार

१८४८ मध्ये जोतीरावांनी बुधवार पेठेतील भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली. सावित्रीमाई शिक्षिका झाल्या. त्यापाठोपाठ महार-मांग मुलामुलींच्या शाळा उभ्या राहिल्या. लहुजी साळवे यांच्यासारख्या वस्तादांनी त्यासाठी वस्त्यांतून मुले गोळा करण्यास साह्य केले. याच शाळेत शिकणाऱ्या मुक्ता नावाच्या चौदा वर्षांच्या मांग मुलीने लिहिलेला निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय' पत्रात छापला गेला. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सरकारतर्फे सत्कार झाला.

हा गौरवाचा भाग झाला. त्याची दुसरी बाजू अशी की, समाजाच्या दडपणाखाली वडिलांनी १८४९ मध्ये पतिपत्नींना घराबाहेर काढले होते. वडिलोपार्जित धंद्याचा आधार त्या क्षणी तुटला. शाळांसाठी मित्रमंडळी आणि युरोपीय हितचिंतक वर्गणी देत, सरकारही थोडे साह्य करी. परंतु १८५७ च्या उठावानंतर हा ओघ आटू लागला आणि शाळांच्या संचालक मंडळीत मतभेदही झाले. शूद्रातिशूद्र मुलांना केवळ लिहिण्या-वाचण्यापुरते शिकवावे असे काहींना वाटे. जोतीरावांना मात्र मुलांनी सारासार विचार करण्याइतके शिकावे असे वाटत होते. दुसऱ्याच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेत शेवटी पैसे देणाऱ्याचेच मत चालते, हा धडा या काळात त्यांना मिळाला असला पाहिजे. कारण पुढच्या काळात त्यांनी उपजीविकेसाठी सरकारी नोकरी पत्करली नाही, की कोणा संस्थानिकाचा आश्रय घेतला नाही. ते व्यापारात उतरले.

१८६३ च्या सुमारास त्यांनी धातूच्या ओतकामाला लागणारे साहित्य विकण्याचा व्यवसाय सुरू केला. पुढे सरकारी बांधकामांची कंत्राटे घेतली. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीशी त्यांचे नाव निगडित आहे. मुठा नदीवरील खडकवासल्याचे धरण बांधले जात असताना लागणारा माल त्यांनी पुरविला. साताऱ्याच्या रस्त्यावरील कात्रजच्या बोगद्यासाठी मजूर पुरविण्याचे कामही त्यांच्याकडे होते. पुण्याजवळ मांजरी येथे त्यांनी शेतजमीन घेतली. धरणातून निघालेल्या कालव्याचे पाणी आले, तेव्हा ते वापरण्यास शेतकरी बिचकत होते. स्वतःच्या शेतात ते पाणी खेळवून जोतीरावांनी बागायत करून दाखविली. ज्या धरणाला माल पुरविला, त्याच धरणाच्या पाण्यावर शेती केली आणि त्याच पाण्याचा उपयोग इतरांना शिकविला. व्यापारी आणि शेतकरी या दोन्ही शब्दांचा अर्थ इथे एकत्र येतो.

या कमाईतून काय झाले, ते पाहू. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीमाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसविल्या गेलेल्या विधवांनी तेथे यावे, गुपचूप बाळंत व्हावे, मूल हवे तर न्यावे, नाही तर ठेवून जावे, अशी ती व्यवस्था होती. काशीबाई या ब्राह्मण विधवेच्या मुलाला या दाम्पत्याने दत्तक घेतले. तोच यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८६८ मध्ये त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांना खुला केला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा. म्हणजे बाबासाहेबांच्या त्या ऐतिहासिक संगराच्या सुमारे साठ वर्षे आधी पुण्याच्या एका कंत्राटदाराने स्वतःच्या घरापुरता तो प्रश्न निकालात काढला होता. येथे घर स्वतःचे असणे, हौद स्वतःचा असणे आणि उपजीविका कोणाच्या मर्जीवर अवलंबून नसणे, या तिन्ही गोष्टींना महत्त्व आहे. जातीने टाकलेल्या बहिष्काराला तोंड देण्यासाठी विचार लागतोच, पण चूल पेटती ठेवण्याचे स्वतंत्र साधनही लागते.

कंत्राटदाराच्या हातातील लेखणी

येथे एक प्रश्न उपस्थित होतो आणि इतिहासाच्या विद्यार्थ्याने तो टाळू नये. सरकारी बांधकामाचा कंत्राटदार हा त्या काळी काय किंवा आज काय, मजुरांच्या घामावर आणि अधिकाऱ्यांच्या कृपेवर जगणारा मानला जातो. मग शूद्रातिशूद्रांचा कैवारी या धंद्यात कसा राहिला?

याचे उत्तर जोतीरावांच्या लेखनात मिळते. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गुलामगिरी'च्या अखेरीस इंजिनिअर खात्यातील अंमलदार व कारकून कशी लूट करतात यावर त्यांनी एक पवाडा जोडला. मजुरांच्या हजेरीत आणि हिशोबात होणारी लबाडी त्यांनी बाहेरून ऐकली नव्हती. कंत्राटदार म्हणून ते त्या कार्यालयांच्या पायऱ्या चढत होते. ज्या खात्याकडून आपले बिल मंजूर व्हायचे, त्याच खात्याचे बिंग छापून प्रसिद्ध करणे व्यापाराच्या दृष्टीने शहाणपणाचे नव्हते. परंतु जोतीरावांनी ते केले. व्यापार करावा, पण व्यापारासाठी जीभ गहाण टाकू नये, हा त्यांचा बाणा होता. कष्टकऱ्यांसाठी १८५५ मध्येच त्यांनी आपल्या घरी रात्रीची शाळा सुरू केली होती, हेही या संदर्भात विसरता येत नाही.

२४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाजाची स्थापना झाली. या समाजाच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांत आणि देणगीदारांत व्यापारी, कंत्राटदार, शेतकरी आणि कष्टकरी होते. मुंबईच्या कामाठी वस्तीतील तेलुगू कंत्राटदारांनी या चळवळीला मोठा हात दिला. रामय्या व्यंकय्या अय्यावारू हे त्यांपैकी एक ठळक नाव. पुण्याजवळच्या तेव्हाच्या भांबुर्डे गावातील कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी 'दीनबंधु' पत्र सुरू केले. ते पत्र पुढे मुंबईस नेऊन चालविणारे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभारली. राजाश्रय नसलेली ही चळवळ उभी राहिली ती आपल्या कमाईतला वाटा देणाऱ्या माणसांच्या जोरावर. सरकारी अनुदान बंद झाल्याने संपणारी ती चळवळ नव्हती.

दुष्काळ आणि बालाश्रम

१८७६-७७ मध्ये दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. गुरे मेली, गावे ओस पडली, माणसे पुण्यामुंबईच्या वाटेला लागली. पोरकी झालेली मुले रस्त्यावर आली. सत्यशोधक समाजाने ठिकठिकाणी अन्नदानाची केंद्रे उघडली. सावित्रीमाई जुन्नर भागात जाऊन काम पाहत होत्या. पुण्याजवळ धनकवडी येथे व्हिक्टोरिया बालाश्रम सुरू झाला आणि त्याला मदत करण्याचे आवाहन जोतीरावांनी मे १८७७ मध्ये पत्रक काढून केले.

निवासी शाळेच्या स्मरणिकेत या बालाश्रमाचा उल्लेख सर्वांत मोठ्या अक्षरात व्हावयास हवा. आज मार्केट यार्डातून सातारा रस्त्याने निघाले की धनकवडी फारशी दूर नाही. दीडशे वर्षांपूर्वी तेथे जात न विचारता मुलांना एका पंक्तीत जेवू घातले जात होते. आपल्या वसतिगृहातील मुले सायंकाळी वंदना घेऊन एका पंगतीत बसतात, तेव्हा ती एका जुन्या परंपरेचे वारस म्हणून बसतात, हे त्यांना कोणीतरी सांगावयास हवे.

नगरपालिकेच्या सभागृहात

१८७६ ते १८८२ या काळात जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद होते. त्या वेळी सभासदांची नेमणूक सरकार करीत असे. सभागृहात सरदार, पेन्शनर अधिकारी, वकील, सावकार अशी मातब्बर मंडळी बसत. सरकारने नेमलेल्या सभासदाने सरकारच्या मनाविरुद्ध बोलू नये, असा अलिखित शिष्टाचार होता. जोतीरावांनी तो मानला नाही.

१८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास येणार होते. शहर शृंगारण्यासाठी नगरपालिकेने १००० रुपये खर्च करावेत असा प्रस्ताव आला. करदात्यांचा हा पैसा व्हाइसरॉयच्या स्वागतावर न उधळता गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, असे जोतीरावांनी सांगितले. ३२ सभासदांच्या त्या सभागृहात विरोधाचे मत एकट्या जोतीरावांचे पडले आणि ठराव मंजूर झाला. हे एक मत मोजणीत हरले, पण इतिहासात उरले ते हेच मत. उरलेल्या सभासदांपैकी किती जणांची नावे आज पुणेकरांना सांगता येतील?

त्याच वर्षी जुलै महिन्यात त्यांनी नगरपालिकेचे प्रभारी अध्यक्ष प्लंकेट यांना पत्र लिहून शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांकडे लक्ष वेधले. दारूमुळे अनेक कुटुंबे उद्ध्वस्त होत आहेत आणि लोकांच्या आरोग्याची व नीतीची काळजी वाहणे हे नगरपालिकेचे कर्तव्य आहे, असा त्या पत्राचा आशय होता. सरकारला दारूपासून उत्पन्न मिळत होते, त्यामुळे हा विषय अडचणीचा होता. पण पंचशीलातील पाचवे शील रोज म्हणणाऱ्या आपल्या मुलांना या पत्राचे मोल निराळे सांगण्याची गरज नाही.

शहरात भव्य मंडई बांधण्याची योजना पुढे आली, तेव्हाही जोतीरावांनी आणि त्यांचे स्नेही हरी रावजी चिपळूणकर यांनी विरोध केला. तोवर भाजीवाले शनिवारवाड्यासमोरच्या पटांगणात बसत. मंडई नको असे जोतीरावांचे म्हणणे नव्हते. प्राथमिक शाळांना पैसा नाही म्हणणाऱ्या नगरपालिकेने दगडी इमारतीवर लाखांच्या घरात खर्च करावा, हे त्यांना पटत नव्हते. मंडई झालीच. १८८६ मध्ये ती खुली झाली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव देण्यात आले. पुढे १९३० च्या दशकाच्या अखेरीस आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली. ज्या इमारतीच्या खर्चाला जोतीरावांनी विरोध केला, तिलाच त्यांचे नाव लागले. भाजीविक्याच्या मुलाचे नाव मंडईला लाभले याचा आनंद मानावा. पण त्या नावाच्या पाटीखाली त्यांचा मूळ प्रश्न झाकला जाऊ नये. इमारत आधी की शाळा आधी, हा तो प्रश्न होय.

हंटर आयोगापुढील निवेदनातही त्यांचा हाच आग्रह दिसतो. सरकारच्या तिजोरीत येणारा महसूल मुख्यतः शेतकऱ्यांच्या कष्टातून येतो आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर होतो, हे त्यांनी हिशोबी व्यापाऱ्याप्रमाणे जमाखर्च मांडून दाखविले. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षक शूद्रातिशूद्र वर्गांतून तयार करावेत, त्यांना दरमहा किमान १२ रुपये व मोठ्या गावी १५ ते २० रुपये वेतन द्यावे, अभ्यासक्रमात हिशोब, शेती आणि आरोग्य यांचे ज्ञान असावे, अशा त्यांच्या सूचना होत्या. शिक्षकाच्या पगारापासून मोडी अक्षरांपर्यंत त्यांनी विचार केला होता. धंद्यात मुरलेला माणूस शिक्षणाविषयी बोलतो, तेव्हा ते बोलणे असे रोकडे असते.

माळव्याची गाडी

१८८३ मध्ये जोतीरावांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. नगरपालिकेतून बाहेर पडून त्यांना जेमतेम वर्ष झाले होते. या ग्रंथात त्यांनी एका साध्या व्यवहाराचे चित्र काढले आहे. शेतकरी गाडीभर माळवे घेऊन शहरात येतो. नाक्यावर नगरपालिका त्याच्याकडून जकात वसूल करते. बाजारात दगेबाज दलाल घेताना एक आणि देताना दुसरे वजन वापरतात. मालाची सारी किंमत जकातीत आणि दलालीत जाते, गाडीभाडे अंगावर पडते आणि तो रिकाम्या हाताने मुलाबाळांपुढे जाऊन उभा राहतो.

हे लिहिणारा कोण होता? तो भाजीच्या दुकानदाराचा मुलगा आणि स्वतः व्यापारी होता. कालपरवापर्यंत तो त्याच नगरपालिकेचा सभासद होता. म्हणजे हा असूड त्यांनी परक्याच्याच पाठीवर ओढला असे नाही. ज्या बाजारात आपण उभे राहिलो आणि ज्या सभागृहात आपण बसलो, त्या दोहोंचा जमाखर्च त्यांनी शेतकऱ्याच्या बाजूने मांडला. जोतीरावांच्या थोरवीचा गाभा मला येथे दिसतो. आपल्या वर्गाच्या आणि आपल्या पदाच्या विरुद्ध साक्ष देण्याचे धैर्य फार थोड्यांना असते.

पुण्याचा घाऊक बाजार पुढे मंडईतून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आला. येथे पहाटे माळव्याच्या गाड्या येतात, आडत्यांचे गाळे उघडतात, हमाल पाठीवर पोती वाहतात, तोलणार काट्यापाशी उभे राहतात, फुलबाजारात झेंडू-शेवंतीचे ढीग पडतात. बाजार समित्यांसाठी १९६३ चा कायदा झाला, हमाल-माथाड्यांसाठी १९६९ चा कायदा झाला. हमाल पंचायतीच्या रूपाने डॉ. बाबा आढाव यांनी कष्टकऱ्यांना संघटित केले आणि त्या कामामागे फुल्यांचीच प्रेरणा होती. फळे-भाजीपाल्यावरील आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यावी असा निर्णय राज्यात २०१६ मध्ये झाला. 'असूड' लिहिल्यानंतर तोवर १३३ वर्षे लोटली होती. जोतीरावांनी मांडलेला प्रश्न किती खोल होता आणि आपण किती मंद गतीने चाललो आहोत, हे समजण्यास हे दोन आकडे पुरेसे आहेत.

अखेरचा जमाखर्च

मार्च १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ हरी रावजी चिपळूणकरांनी मेजवानी दिली. उंची वस्त्रे आणि दागिने ल्यालेल्या पाहुण्यांमध्ये जोतीराव शेतकऱ्याच्या वेशात गेले आणि खरा हिंदुस्थान या दालनात नसून खेड्यापाड्यांत उपाशी आहे, असे राजपुत्राला सांगून आले. ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवी येथील कोळीवाड्याच्या सभागृहात कष्टकरी जनतेने त्यांना महात्मा ही पदवी दिली. ती कोणत्याही सरकारने दिलेली नव्हती.

त्याच वर्षी त्यांना पक्षाघात झाला. डॉ. विश्राम रामजी घोले यांनी उपचार केले. उजवा हात निकामी झाला तरी डाव्या हाताने लिहून त्यांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' पूर्ण केले. ते त्यांच्या पश्चात १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. एके काळी कंत्राटे घेणाऱ्या या गृहस्थाच्या घरी अखेरीस पैसा उरला नव्हता. मिळविलेले सर्व समाजासाठी खर्ची पडले होते. त्यांच्या स्नेह्यांपैकी मामा परमानंद यांनी बडोद्याचे सयाजीराव महाराज यांना पत्र लिहून या दाम्पत्याच्या कार्याची व हलाखीची माहिती कळविली. जोतीरावांनी स्वतः मात्र कोणापुढे हात पसरला नाही.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले. आपला देह जाळू नये, मिठात घालून पुरावा अशी त्यांची इच्छा होती आणि त्यासाठी घराजवळ जागाही तयार ठेवली होती. परंतु वस्तीत दफन करण्यास नगरपालिकेने परवानगी दिली नाही. ज्या नगरपालिकेची सहा वर्षे सेवा केली, तिने अखेरची जागा नाकारली. शेवटी दहन करावे लागले. दत्तकपुत्राच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद घातला, तेव्हा टिटवे हाती धरून सावित्रीमाई स्वतः अंत्ययात्रेपुढे चालल्या. नंतर अस्थी आणून घराच्या त्याच जागेत ठेवण्यात आल्या. गंज पेठेतील ती वास्तू आज समताभूमी म्हणून ओळखली जाते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बुद्ध, कबीर आणि फुले यांना आपले तीन गुरू मानले आणि १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेला शूद्र पूर्वी कोण होते या विषयावरील आपला इंग्रजी ग्रंथ जोतीरावांच्या स्मृतीस अर्पण केला. बाबासाहेबांनी शिकण्याचा, संघटित होण्याचा आणि संघर्ष करण्याचा जो मार्ग दाखविला, त्या मार्गावर जोतीरावांची पावले आधीच उमटलेली होती. तथागतांनीही उपासकाला सम्यक आजीविकेचा उपदेश केला आहे. आपली उपजीविका कोणाच्या नाशावर उभी नसावी आणि कमाईचा वाटा दानात जावा, हा त्या उपदेशाचा सार आहे. जोतीरावांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली नव्हती, पण त्यांचा व्यापार या कसोटीला उतरतो.

आपल्या समाजात एक समज खोलवर रुजला आहे. मुलगा शिकला की त्याने नोकरी धरावी. व्यापार आणि कंत्राट हे आपले क्षेत्र नव्हे. राखीव जागांमुळे आपली एक पिढी उभी राहिली, हे कृतज्ञतेने मान्य करावयास हवे. त्या जागांचे रक्षण करण्याची लढाईही चालूच राहिली पाहिजे. परंतु सरकारी नोकऱ्या दिवसेंदिवस आक्रसत असताना आपल्या मुलांपुढे दुसरा आदर्श ठेवला नाही, तर पदवी घेतलेली मुले दारोदार फिरतील. या शाळेतील कितीतरी मुलांचे आईवडील हातगाडी चालवितात, भाजी विकतात, पोती उचलतात, गवंडीकाम करतात. ते काम कमी प्रतीचे आहे असे त्या मुलाला कधीही वाटता कामा नये. महात्म्याच्या घरचा धंदाही तोच होता. त्याने हिशोब शिकावा, काटा सरळ धरावा, धंदा वाढवावा, कमाईचा वाटा शाळेला द्यावा. आणि उद्या ग्रामपंचायतीत किंवा महानगरपालिकेत निवडून गेला, तर स्वागताच्या कमानीपेक्षा शाळेच्या फळ्याचा खर्च आधी मंजूर करावा. सभागृहात तो एकटा पडला तरी हरकत नाही. १८८० मध्येही विरोधाचा हात एकच वर झाला होता.

त्या एकट्या हाताला आणि त्याने मांडलेल्या स्वच्छ जमाखर्चाला विनम्र अभिवादन.